बायकापोरांसकट वजन

हॉइट स्टॅम्बॉने माझ्या काट्यावर किती माणसं लोळवली ते मला विचारू नका. आणि किती जणांनी त्याला लोळवलं तेही नको. दोन्ही बाजूंचं रक्त मीच पाण्याने धुऊन काढलंय.

मी ओनेटा. म्यूल हिलच्या माथ्यावर, जिथून हमरस्ता खाली ओढ्याकडे उतरतो, तिथे माझं पशुखाद्याचं दुकान आहे. दुकानापुढे अख्खी गाडी चढवून तोलायचा काटा आहे. रस्त्याच्या पलीकडे हॉइटचं आवार. तो डंप ट्रेलर विकायचा. बटण दाबलं की हौदा उचलला जातो आणि माल मागे सांडतो, तसले. इकडे छपरं उतरवणारे, खडी टाकणारे, झाडं तोडणारे, सगळ्यांना तो लागतोच.

ट्रेलर घ्यायला आलेल्या माणसाला हॉइट आधी ट्रेलर दाखवायचाच नाही. पहिला प्रश्न, ‘बायको कुठंय?’ मग, ‘पोरं? कुत्रं? हत्यारांची पेटी? जा, सगळ्यांना भरून आण आणि ओनेटाच्या काट्यावर चढव. मग बोलू.’

हलक्या पिकअपच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी असते. या गाडीने अंगावर किती वजन घ्यावं, एवढंच त्यात लिहिलेलं. त्यात बसलेली माणसं आली, मागचं सामान आलं आणि ट्रेलरची दांडी गाडीच्या बुडावर जेवढी दाबते तेवढं वजनही आलं. गाडी किती ओढते हा आकडा निराळा. तो जाहिरातीत मोठ्ठा छापतात आणि आमचे पुरुष तोच वाचून येतात. ‘ओढायला काय,’ हॉइट तोंडातली तंबाखू थुंकून म्हणायचा, ‘गाढवपण ओढतं. उतारावर आवरणार कोण, तुझा बाप?’

आता आमच्याकडची बाई एक वेळ नवऱ्याचं लफडं पोटात घालील, पण चारचौघांत काट्यावर चढवलेलं नाही. वॉन्डा म्हणून एक होती, अंगाने चांगली भरलेली. हॉइट तिला म्हणाला, ‘बाई, जीव वाचवायचाय, लाजू नका.’ तिने हातातली पर्स गरकन फिरवून त्याच्या कपाळावर घातली. पर्समध्ये पिस्तूल होतं. भुवई फाटली, डोळा रक्ताने भरला, आणि हा बाबा रुमाल दाबून मला म्हणतो, ‘ओनेटा, पर्सपण धर वजनात.’ तिचा नवरा हसला म्हणून त्यालाही एक बसली. शेवटी दहा फुटी, बुटक्या कठड्यांचा, दोन आसांचा ट्रेलर घेऊन गेले. त्या जोडप्याला अजून ओरखडा नाही.

हे खूळ त्याच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. फार पूर्वी ब्रदर यूलिस म्हणून आमच्या चर्चचे पाद्री होते. ते एकटेच आले, एकट्याच्या वजनावर ट्रेलर पसंत केला. हॉइटने दिला. पुढच्याच शनिवारी चर्चच्या आवारासाठी खडी आणायला निघाले तर सगळी पोरं मजा म्हणून गाडीत चढली. म्यूल हिलच्या उतारावर गाडी आवरली नाही. धाकटी मुलगी गेली. अंत्यविधीला हॉइट गेला, मान खाली घालून. त्याला वाटलं हा माणूस मला सगळ्यांसमोर चोपणार, आणि चोपावंच. ब्रदर यूलिसनी त्याचा हात हातात घेतला, म्हणाले, ‘आल्याबद्दल आभार.’ बस्स. पुढच्या माणसाकडे वळले.

‘ओनेटा,’ हॉइट मला माझ्या ओसरीवर बसून म्हणाला होता, ‘एक ठेवून दिली असती ना त्याने, तर मी सुटलो असतो गं.’ आणि तो मोठा रेड्यासारखा माणूस हुंदके देऊन रडला. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू.

त्याच्या डाव्या हाताला दोनच बोटं. हौदा उचललेला असताना खाली टेकू न लावता नळी तपासायला हात घातला, नळी फुटली, हौदा धाडकन बसला. मुलगी डेल्फी तेव्हा शाळकरी पोर होती. ती धावत आली, दुसरा ट्रेलर उघडून त्याचा जॅक काढला, हौदा उचलला, बापाचा हात मोकळा केला, आपल्या शर्टाने करकचून बांधला. आणि मग काडकन त्याच्या मुस्काटात मारली. ‘टेकू कोण लावणार रे डॅडी? तुझा आजा?’

हॉइट हे सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. ‘माझ्या पोरीचा हात लोखंडाचा आहे.’ त्या घरात आई लवकर गेलेली, माया अशीच चालायची. चुकलं की मारायचं, मारलं की संपलं, मग दोघं एका कढईतलं खायचे.

डेल्फीने लग्न केलं गार्लंड पोटीटशी. छपरं उतरवणारा पोरगा, उंच, देखणा, कामाला वाघ, पण नाकावर राग. डेल्फी त्याच्याबरोबर छपरावर चढायची. तो जुनी डांबरी कौलं उखडायचा, ती खाली ढकलायची. डांबरी कौलं म्हणजे दिसायला कागद आणि वजनाला शिसं. कचरा वाहायला ट्रेलर हवा म्हणून दोघं सासऱ्याकडे आले.

मी तेव्हा काट्यापाशीच होते. गार्लंडची पिकअप हलकी, तीही हौसेने मोठी चाकं घातलेली. हॉइटने दोघांना, पेटीला, शिड्यांना चढवलं, आकडा बघितला आणि म्हणाला, ‘दहा फुटी. कठडे कमरेएवढे. त्यावर इंचभर नाही.’

‘मला चौदा फुटी पाहिजे,’ गार्लंड म्हणाला. ‘एका खेपेत छप्पर गेलं पाहिजे. दहा फुटीने मी काय कोंबड्यांची विष्ठा वाहू?’

‘अंथरूण बघून पाय पसर, बाळा.’

‘तुम्ही मला बाळ म्हणू नका.’

‘बरं. गाढवा म्हणतो.’

तिथून तोंडं बंद झाली आणि हात सुरू झाले. गार्लंडने पहिला ठोसा मारला तो हॉइटच्या जबड्यावर. हॉइटने त्याला कमरेत धरून खडीत आपटला. गार्लंडने खाली पडल्या पडल्या मूठभर खडी त्याच्या तोंडावर फेकली, उठून गुडघा पोटात घातला. हॉइटचा दात पडला. तो दात थुंकून त्याने जावयाचं डोकं ट्रेलरच्या कठड्यावर असं आदळलं की लोखंड घंटेसारखं वाजलं. माझ्या ओसरीवरचा बर्ल, जो दिवसभर माझी कॉफी फुकट पितो, तो टाळ्या वाजवत होता. डेल्फी मधे पडली, तिने बापाच्या नडगीवर लाथ घातली आणि नवऱ्याला कॉलरला धरून ओढत नेलं.

‘दुसरीकडून घेईन!’ गार्लंड ओरडला.

‘घे! आणि माझ्या पोरीला त्यात बसवलंस तर तुझे दात घशात घालीन!’

पोराने घेतलाच. शेजारच्या गावातून चौदा फुटी, काळाकुळकुळीत, उंच कठड्यांचा. पहिल्या खेपेला भरून माझ्या दुकानावरून निघाला तेव्हा पिकअपचं बूड पार रस्त्याला टेकायला आलेलं, तोंड आभाळाकडे. आणि शेजारी डेल्फी.

हॉइट आपल्या फाटकात उभा होता. त्याची तळपायाची आग मस्तकाला गेली. पण काय करायचं ते न कळून उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असा ओरडला, ‘बघा रे, पोटीटची गाडी परसाकडला बसली!’

मेला बर्ल तर खुर्चीतून घसरला हसून. त्या दिवसापासून गार्लंड भरलेला ट्रेलर घेऊन दिसला की गावभर एकच. पेट्रोल पंपावर, कॅटफिश तळणाऱ्याच्या टपरीपाशी, चर्चच्या दारात. हॉर्न वाजवायचे आणि विचारायचे, ‘काय गार्लंड, झालं का?’ पोरसोरंसुद्धा. ‘झालं का?’ दोघांना त्याने त्यापायी रक्तबंबाळ केलं. एकाचं नाक अजून वाकडं आहे. पण गावाचं तोंड किती फोडणार?

हॉइट मात्र हसायचा थांबला होता. त्याला झोप लागेना. एका दुपारी तो मोठा घण घेऊन त्यांच्या घरी गेला आणि ट्रेलरची दांडी गाडीला जिथे अडकते ते लोखंड ठोकायला लागला. मी मागोमाग गेले, कारण मला त्याचं तोंड बघून कळलं होतं. ठिणग्या उडत होत्या आणि हा प्रत्येक घावाला ओरडत होता, ‘माझी पोर नाही! माझी पोर नाही!’

डेल्फी घरातून फावडं घेऊन आली आणि त्याच्या पाठीत घातलं. तो गुडघ्यावर आला. तिने पुन्हा उचललं, पण मारलं नाही, नुसतं धरून ठेवलं. ती रडत होती.

‘माझ्या नवऱ्याला तू गावाच्या तोंडी दिलंस, डॅडी. त्याला रात्रीचं जेवण जात नाही.’

‘तो तुला मारील गं त्या उतारावर.’

‘गाडीचं काही असेल तर मला सांग. माणसाला का टोचतोस?’

‘ट्रेलर बदल म्हणावं. मी फुकट देतो. दहा फुटी देतो.’

‘आता? आता तो मेला तरी तुझ्याकडून घेणार नाही. आणि परत इथे घण घेऊन आलास ना, तर तो बंदूक काढील. मी अडवणार नाही.’

गार्लंडने नवीन लोखंड बसवलं. हॉइटचा फोन डेल्फी उचलेना. आमच्यात सासरा-जावई भांडतात, पण बाप-लेक एकमेकांना मारायचे थांबले हे काही मला बरं दिसेना.

आणि मग तो सकाळचा प्रकार. चांगलं ऊन पडलेली वेळ होती. मी ओसरीवर बर्लपुढे बिस्किटं, म्हणजे आमचे मऊ पाव, आणि ग्रेव्ही आदळत होते. हॉइटही तिथेच होता, कॉफी गार करत. एवढ्यात गार्लंडची पिकअप आली. मागे काळा ट्रेलर, कौलं कठड्याच्या वर शीग लागलेली. आणि पिकअप कशी? सरळ. टेबलासारखी सरळ. बूड खाली नाही, तोंड वर नाही. गार्लंडने खिडकीतून हात बाहेर काढला होता, मान ताठ. आमच्याकडे बघितलंही नाही. त्याच्या पलीकडे डेल्फी, समोर बघत.

‘अरे वा,’ बर्ल म्हणाला. ‘झालं एकदाचं! उठला!’

मलाही बरंच वाटलं. म्हटलं पोराने काहीतरी नवीन बसवून घेतलं, सुटला बिचारा. मी हॉइटकडे वळून तेच बोलणार होते, तर त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला. कप हातातून पडला.

‘उलाळ,’ तो म्हणाला. ‘ओनेटा, माल सगळा मागे लोटलाय त्याने. दांडीवर भारच ठेवला नाही. गाडी सरळ दिसावी म्हणून.’

बैलगाडी उलाळ झाली तर फार तर बैल वर लटकतात. ट्रेलर उलाळ झाला तर वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि उतारावर एकदा का शेपूट हलली की पुढच्या गाडीला तो उचलून फेकतो. हे हॉइटच्या आवारात वाढलेल्या डेल्फीला माहीत नव्हतं असं नाही. तरी ती त्यात का बसली ते मला नंतर कळलं.

हॉइट त्याच्या मोठ्या ट्रककडे धावला, मी दुसऱ्या दाराने चढले. तो मला उतर म्हणाला, मी त्याला तुझं काम कर म्हणाले. त्याने असा हाणला ट्रक की माझं डोकं छपराला लागलं. एका हाताने हॉर्न दाबून धरलेला, एका हाताने स्टिअरिंग, तोंडाने शिव्या.

उतार सुरू व्हायच्या आधी, पडक्या पेट्रोल पंपापाशी, गाडी उभी करायला मोकळी जागा आहे. आम्हाला पुढे गार्लंड दिसला. त्याचा वेग कमी होत होता. उजवा दिवा लुकलुकत होता.

‘थांबतोय,’ मी म्हणाले. ‘हॉइट, थांबतोय तो!’

हॉइटने हॉर्न सोडला नाही. उलट आणखी दाबला. दोन्ही गाड्यांत आता थोडंच अंतर होतं, हा खिडकीतून दोन बोटांचा हात बाहेर काढून मूठ हलवत होता, ओरडत होता. लुकलुकणारा दिवा विझला. गार्लंडने धूर काढत गाडी पुढे घातली, थेट उतारावर.

‘अरे नको!’ हॉइट ओरडला. ‘नको रे!’

ट्रेलर आधी थोडासाच हलला, डावीकडे आणि परत. मग उजवीकडे, जास्त. मग अख्खा रस्ता व्यापून. कौलं उडून आमच्या काचेवर आदळत होती, काचेला तडा गेला. पुढे लाल दिवे लागले आणि पिकअपचं तोंड खाली दबलं.

‘पाय काढ!’ हॉइट स्टिअरिंगवर डोकं आपटत ओरडत होता. ‘ब्रेकवरचा पाय काढ, पोरा! हाताने ओढ, नुसता ट्रेलरचा ब्रेक ओढ! डेल्फी! डेल्फी, त्याचा पाय काढ!’ कौलांच्या खडखडाटात तो ओरडत होता. ऐकायला फक्त मी.

ट्रेलर आडवा झाला, पिकअपला त्याने शेपटीला धरून मांजर भिरकावावं तसं भिरकावलं. गाडी एकदा छपरावर, एकदा चाकांवर, परत छपरावर, आणि रस्त्याचा कठडा तोडून ओढ्याच्या खडकांत. ट्रेलर तिच्यावर जाऊन बसला. मग कौलं पडत राहिली, बराच वेळ, एक एक.

आम्ही खाली उतरलो म्हणजे घसरत गेलो. गार्लंडने पट्टा लावलेला नव्हता. तो गाडीत नव्हता, खडकावर होता, आणि त्याच्याकडे एकदा बघून मी परत बघितलं नाही. डेल्फी पट्ट्यात उलटी लटकत होती, चेहरा काचांनी भरलेला, डोळे उघडे. हॉइटने दार हातांनी उपटलं. खरंच उपटलं, बिजागऱ्यांसकट, त्याच्या तळव्यांची कातडी दाराला राहिली. पट्टा कापून तिला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं.

‘बोल,’ तो म्हणत होता. ‘माझे आई, बोल काहीतरी. मार मला, पण बोल.’

डेल्फीचा एक हात मोडून लोंबत होता. दुसरा चांगला होता. मी त्या चांगल्या हाताकडे बघत होते. तिने तो उचलला नाही.

‘म्हणाला, एकदा तरी त्या ओसरीसमोरून मान वर करून जाऊ दे,’ ती हळू बोलली. ‘मी नाही म्हटलं. तो म्हणाला, दुकान ओलांडलं की पंपापाशी थांबतो आणि सगळा माल पुढे घेतो, तू फावडं मार, मी मारतो. मी बरं म्हटलं. तो थांबत होता, डॅडी. दिवापण लावला होता.’

हॉइट तिच्या कपाळावरच्या काचा वेचत होता.

‘मग आरशात तू दिसलास,’ ती म्हणाली. ‘तो म्हणाला, म्हातारा आज पुन्हा घण घेऊन आला.’

अँब्युलन्स येईपर्यंत हॉइट तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या कातडी गेलेल्या हातांचं रक्त तिच्या केसांत उतरत होतं.

गार्लंडला शुक्रवारी पुरलं. चर्चच्या तळघरात बायकांनी तळलेली कोंबडी, बीन्स, मक्याची पोळी मांडून ठेवली होती, कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती. ज्या ज्या तोंडांनी ‘झालं का’ विचारलं होतं ती सगळी तोंडं धुऊन, भांग पाडून आली होती. मला एकेकाचं थोबाड रंगवावंसं वाटत होतं. बर्ल माझ्याशेजारी बसायला आला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, माझ्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवलास तर तंगडी मोडून हातात देईन. तो मान खाली घालून मागच्या बाकावर गेला.

डेल्फी दारात उभी होती, हात गळ्यात बांधलेला, चेहऱ्यावर टाके. येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होती. रांग पुढे सरकत होती. माझ्यापुढे हॉइट. त्याचे दोन्ही हात बँडेजमध्ये, डाव्यातून फक्त ती दोन बोटं बाहेर. त्याने टोपी काढली, तिच्यासमोर उभा राहिला, आणि वाकून आपला गाल पुढे केला. एवढ्या लोकांत. डोळे मिटून.

‘मार,’ तो म्हणाला. ‘डेल्फी, मार गं. फावडं आणू का? मी आणतो फावडं.’

मी मनात म्हणत होते, मार पोरी, देवासाठी मार, एक तरी दे त्याला.

डेल्फीने त्याची दोन बोटं धरली. सगळ्यांचे हात धरत होती तशीच, तेवढीच.

‘आल्याबद्दल आभार, मिस्टर स्टॅम्बॉ,’ ती म्हणाली.

तो तसाच वाकलेला उभा राहिला. तिने बोटं सोडली, माझ्याकडे वळली आणि माझा हात घेतला. ‘आल्याबद्दल आभार, मिस ओनेटा.’ माझ्यामागचा माणूस पुढे आला.